पाच पत्ते निसटले

सकाळच्या पाळीला शेडमध्ये शिरण्याआधी वरच्या बाईंना दवाखान्याच्या खोलीत दहा मिनिटं बसावं लागे, आणि ती दहा मिनिटं त्यांना पुढच्या आठ तासांपेक्षा जड जात. खोली कसली, कारखान्याच्या फाटकाशेजारचा कोनाडाच तो. एक पलंग, एक वजनकाटा आणि भिंतीला लावलेल्या टेबलावर दोन संगणक. पडद्यावर एक पत्ता पालथा दिसे. तो उलटला की बटण दाबायचं, मग पुढचा. कधी पत्ता लगेच उलटे, कधी अंत बघे. आधीच दाबलं तर कर्र आवाज होई. उशीर झाला तर आवाज काहीच होत नसे, नुसता आकडा वाढे. दुसऱ्या फेरीत पत्ता लाल असेल तर उजवं बटण, काळा असेल तर डावं. शेवटी सरासरी वेळ येई, सेकंदाच्या हजाराव्या भागांत, आणि सिस्टर ती कागदावर लिहून शेडच्या साहेबांकडे पाठवी.

वरच्या बाई म्हणजे क्रेनच्या केबिनमधल्या बाई. छताखालच्या रुळांवरून फिरणारी क्रेन त्या बावीस वर्षं चालवत होत्या. लोखंडी पाइपांचे भारे या टोकाचे त्या टोकाला नेत. खालच्या माणसांना त्यांचा चेहरा क्वचितच दिसे, आवाज मात्र सगळ्यांच्या ओळखीचा होता.

ही पत्त्यांची भानगड आली ती अपघातानंतर. तीन महिन्यांपूर्वी एक भारा थांबायला हवा तिथे थांबला नाही. खांबाला धडकला, पट्टा तुटला आणि दोन पाइप गडगडत भिंतीपर्यंत गेले. कुणाला लागलं नाही हे नशीब. चौकशीत बाई म्हणाल्या, "मला थांबायची खूण उशिरा मिळाली." खाली उभं राहून हातानं खुणा करणारा त्यांचा मावसभाऊ होता. तो म्हणाला, "मी वेळेवर हात वर केला होता. दोनदा केला." साहेबांनी बावीस वर्षांच्या नोकरीकडे बघितलं आणि भावाला मागच्या आवारात पाइपांवर नंबर रंगवायला पाठवलं. त्या दिवसापासून दोघांत अबोला होता.

सुरुवातीला बाईंचा आकडा तीनशेच्या आसपास असे. मग एके दिवशी तो तीनशे सत्तर आला. दुसऱ्या दिवशी परत तीनशे दहा, मग तीनशे ऐंशी.

"काल झोप नीट झाली नव्हती का?" सिस्टरनं विचारलं.

"झोपेचं काय घेऊन बसलात? मी तशीच आहे," बाई म्हणाल्या. पण पायऱ्या चढून केबिनमध्ये बसेपर्यंत त्यांच्या डोक्यात चक्र सुरू झालं होतं.

पहिला संशय बदल्यावर. बदल्या म्हणजे बदली ऑपरेटर. बाई रजेवर असल्या की क्रेन तो चालवी. तिशीचा, गोड बोलणारा, आणि बाईंच्या मते गोड बोलणाऱ्या माणसाच्या पोटात काहीतरी असतंच. दोनदा त्यांनी त्याला भलत्याच वेळी दवाखान्यात बसलेलं पाहिलं होतं. सिस्टर हसत होती आणि तो पडद्याकडे बोट दाखवत होता. बाई दारात दिसताच तो उठला आणि "डोकं दुखत होतं" म्हणत सटकला.

मग सिस्टरवर संशय आला, मग साहेबांवर. पन्नाशी जवळ आलेल्या बाईला सरळ घरी बसा म्हणायची सोय नाही, म्हणून हा पत्त्यांचा खेळ काढला असेल. आकड्याशी कोण भांडणार?

"अहो, मला वाटतं हे मला काढायला टपलेत," त्या घरी नवऱ्याला म्हणाल्या.

नवरा घड्याळं दुरुस्त करी. घरातल्याच पुढच्या खोलीत त्याचं टेबल होतं आणि बोलताना तो डोळ्यावरचं भिंग काढत नसे. "दर वेळी त्याच संगणकावर बसतेस का?"

"दोन आहेत. जो रिकामा असेल तो."

"मग कुठला आकडा कुठल्यावर आला ते लिहून ठेव. घड्याळ मागे पडलं म्हणून कुणी सूर्याला दोष देत नाही."

हे बाईंच्या आजवर डोक्यातच आलं नव्हतं. पंधरा दिवस त्यांनी आकडे लिहिले. पंधराव्या दिवशी कागद समोर ठेवून त्या एकट्याच हसल्या. खिडकीकडच्या संगणकावर सगळे आकडे तीनशेच्या घरात, दाराकडच्यावर सगळे साठ-सत्तरनं जास्त. दुसऱ्या सकाळी त्यांनी सिस्टरला खुर्चीत बसवलं.

"आता तुम्ही करा. आधी याच्यावर, मग त्याच्यावर."

"मला कामं आहेत हो, बाई."

"मलाही आहेत. बसा."

सिस्टर बसली. खिडकीकडे दोनशे नव्वद आले, दाराकडे तीनशे पंचावन्न. तिनं पुन्हा केलं, तरी तेच. दाराकडच्या संगणकाचा कीबोर्ड बिनवायरचा होता आणि त्यातला सेल मरायला टेकला होता. बटण दाबल्यावर पडद्यापर्यंत पोहोचायलाच त्याला वेळ लागत होता.

दुपारच्या सुट्टीत ही बातमी शेडभर झाली. माणसं बाईंच्या पाठीवर थापा मारत होती. चाळीस जणांचे आकडे त्या कीबोर्डनं बिघडवले होते. बदल्या तर धावतच आला. "बाई, तुम्ही माझा जीव वाचवलात! माझे आकडे तुमच्याहून वाईट होते. सिस्टरच्या हातापाया पडून सुट्टीत सराव करत होतो मी." बाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. पोरगा खरोखरच घाबरलेला होता. त्यांना जरा ओशाळल्यासारखं झालं.

इथेच गोष्ट मिटायची. पण साहेबांनी सिस्टरला सगळ्यांचे जुने निकाल पुन्हा तपासायला सांगितले. सरासरी नको, एकेक पत्ता बघा म्हणाले. चार दिवसांनी सिस्टरनं बाईंना बोलावून दार लोटून घेतलं.

"हे बघा. हा तुमचा मंगळवारचा कागद. खिडकीकडचा संगणक, चांगला चालणारा. इथे पाच पत्ते आहेत, लागोपाठ. पाचांवर तुम्ही बटणच दाबलं नाही. पत्ता उलटला, वेळ संपली, पुढचा आला. मग सहाव्यावर परत तीनशे."

"हात सरकला असेल."

"पाचही वेळा? आणि हा त्याच्या आधीच्या आठवड्यातला. इथे चार. न दाबलेला पत्ता सरासरीत धरतच नाहीत, म्हणून मला कधी दिसलं नाही. चूक माझीच."

"मला तर आठवत नाही एकही पत्ता सुटल्याचं."

"तेच तर," सिस्टर हळू म्हणाली. "कुणाचे एखाददुसरे सुटतात, पण विखुरलेले. तुमचे सगळे एका जागी आहेत. दहाबारा सेकंद तुम्ही तिथे नव्हतात, बाई."

बाई ताडकन उठल्या. "कीबोर्डचं खापर फुटलं तुमच्यावर, म्हणून आता हे नवीन काढलंत का?" सिस्टरनं दोन्ही कागद त्यांच्यापुढे सरकवले, आणि त्याचाच बाईंना जास्त राग आला.

त्या दिवशी त्यांनी क्रेन चालवली, पण प्रत्येक भारा उचलताना स्वतःशी आकडे मोजत. एक, दोन, तीन. मध्ये एखादा गळला तर कळेल म्हणून. मग त्यांच्या लक्षात आलं की गळलेला आकडा ज्याला कळायचा तोच जागेवर नसेल तर सांगणार कोण? त्यांनी भारा खाली टेकवला, पोटात कळ आली असं सांगून खाली उतरल्या आणि बदल्याला वर पाठवलं.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर त्यांनी पत्त्यांचा जोड ठेवला. "तुम्ही एकेक पत्ता उलटायचा. मी लाल-काळा सांगणार. भराभर."

नवऱ्यानं भिंग काढलं. लाल, काळा, काळा, लाल. एक जोड संपला, काही नाही. दुसरा संपला. बाईंचा जीव भांड्यात पडत होता. तिसऱ्या जोडाच्या मध्यावर नवऱ्याचा हात थांबला.

"का थांबलात?"

त्याचा चेहरा उतरला होता. "तूच थांबलीस."

"मी कुठे थांबले? शेवटची चौकटची सत्ती होती. लाल म्हटलं मी."

"चौकटच्या सत्तीनंतर मी सहा पत्ते टाकले गं."

बाईंनी खाली बघितलं. सहा पत्ते पडले होते. त्यांना ते पडताना दिसलेच नव्हते. त्यांच्या मनात पहिला विचार आला तो हा, की नवराही कारखान्यातल्यांना सामील आहे. मागच्या वर्षीपासून म्हणतोच आहे, आता वर चढणं सोड, गुडघे बघ तुझे. सिस्टरनं फोन केला असेल. सहा पत्ते हळूच सरकवायला किती वेळ लागतो?

"तुम्ही टाकलेत ते. मुद्दाम."

चोवीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याला खोटारडा कधी म्हटलं नव्हतं. तो रागावला नाही. "फोन लाव समोर," तो म्हणाला. "चित्रीकरण कर. तूच लाव, मी हात लावत नाही."

बाईंनी बरणीला टेकवून फोन उभा केला. त्या दिवशी काही झालं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. कारखान्यात त्यांनी तब्येतीची रजा टाकली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी, चौथ्या जोडाला, नवऱ्याचा हात पुन्हा थांबला. त्यानं फक्त फोनकडे बोट केलं.

बाईंनी बघितलं. पडद्यावर त्या स्वतः बसल्या होत्या. "काळा" म्हणाल्या आणि मग काहीच नाही. डोळे उघडे होते. ओठ काहीतरी चघळत असल्यासारखे हलत होते. उजव्या हाताची बोटं ओढणीचं टोक चोळत होती. समोर पत्ते पडत होते. अकरा सेकंदांनी त्या बाईनं पापणी लववली आणि म्हणाली, "टाका की!"

ती बाई त्यांना ओळखीची वाटेना. त्यांनी चित्रण तीनदा बघितलं, कुठे जोडलेलं-तोडलेलं दिसतंय का म्हणून. मग फोन पालथा ठेवला.

"त्या दिवशी भाऊनं दोनदा हात वर केला असेल," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या, डोक्याला तारा लावून आलेख काढला. फिट येते ती पडून, हातपाय झाडूनच येते असं नाही, ते म्हणाले. अशीही येते, बसल्या जागी, कुणाला पत्ता न लागता. बहुतेकांना औषधानं आटोक्यात राहते. पण क्रेन आता नाही.

बाईंनी साहेबांना सगळं लिहून दिलं. डॉक्टरांचा कागद जोडला आणि खाली एक वाक्य स्वतःच्या अक्षरात घातलं: अपघाताच्या दिवशी खूण वेळेवर मिळाली नाही, हे मी खात्रीनं सांगू शकत नाही. साहेब म्हणाले, "बाई, ते वाक्य लिहायची काही गरज नाही. चौकशी मिटलीय." बाई म्हणाल्या, "तुमची मिटली असेल."

मग त्या मागच्या आवारात गेल्या. भाऊ उकिडवा बसून पाइपाच्या तोंडाशी पांढऱ्या रंगानं आकडा काढत होता. त्यानं मान वर केली, पण उठला नाही. बाईंनी उभ्याउभ्या सगळं सांगितलं, चघळणाऱ्या ओठांपासून डॉक्टरांपर्यंत.

भाऊनं कुंचला डब्यात ठेवला. "ताई, तू खोटं बोललीस असं मला एकदाही वाटलं नाही," तो म्हणाला. "तू खोटं बोलत नाहीस हे लहानपणापासून माहीत आहे. म्हणून मला वाटायला लागलं, मीच हात वर केला नसेन. मला नुसतं आठवतंय, पण केला नसेन. चार महिने मी स्वतःवरच संशय घेतोय."

बाई तिथेच पाइपावर टेकल्या. भाऊ म्हणाला, "ओला आहे तो." त्या उठल्या तेव्हा ओढणीवर नऊचा आकडा उमटला होता. दोघंही हसले नाहीत, पण भाऊनं रंग पुसायला चिंधी दिली, आणि फाटकापर्यंत सोबत आला.

पुढच्या महिन्यात भाऊ शेडमध्ये परत आला. क्रेनवर बदल्या कायम झाला. बाईंना पट्टे आणि साखळ्या तपासायच्या खोलीत काम मिळालं. खालच्या मजल्यावर बसूनही सगळे त्यांना वरच्या बाईच म्हणतात. औषधं लागू पडली. डॉक्टर म्हणतात, सहा महिन्यांत एकही फिट आली नाही, चांगलं लक्षण आहे.

पण बाईंचा विश्वास बसत नाही. किल्ली कुठे ठेवली ते आठवलं नाही की त्या गारठतात: विसरले, की नव्हतेच? परवा गॅसवर दूध उतू गेलं. त्या शेजारीच उभ्या होत्या. घाबऱ्याघुबऱ्या पुढच्या खोलीत आल्या. "अहो, खरं सांगा, मी आत्ता गेले होते का?"

नवऱ्यानं घड्याळातून डोकं वर काढलं नाही. "कुठे जातेयस? खिडकीतून मान काढून शेजारच्यांचं भांडण ऐकत होतीस तू. पाच मिनिटं. मीही ऐकत होतो."

"कोण बरोबर होतं मग?" भांडण आठवून बाईंनी विचारलं.

"सासू," तो म्हणाला. "पण दूध पुस आधी."