फुप्फुसांतला सोनेरी उजेड

त्या गुरुवारी अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. बंब बाहेर काढून ठेवला होता आणि आत अख्खं लिक रन गाव जमलं होतं. बहुतेक सगळे खाणीतून निवृत्त झालेले. दारापासून खुर्चीपर्यंत यायलाही त्यांना मध्ये एकदा थांबावं लागत होतं. माझा थोरला भाऊ अर्विल तिसऱ्या रांगेत बसला होता. त्याचं सारं आयुष्य कोळशात गेलं, आणि आता तो कोळसा त्याच्या छातीत जाऊन बसला होता.

पडद्यावर त्याचाच फोटो झळकला. उघडी छाती, आणि छातीत कोंदलेला काळाकुट्ट धूर.

"हे बंधू अर्विल, माझ्याकडे आले तेव्हाचे," दर गुरुवारी लोकांना बरं करायला येणारा ब्रदर प्रूइट म्हणाला. "आणि हे आजचे!"

दुसऱ्या फोटोत त्याच छातीत सोनेरी उजेड होता, ठिणग्यांसारखा उसळणारा. हॉलभर हुंदके ऐकू आले.

"मी कोण हो? साधा फोटोग्राफर," प्रूइट छातीवर हात ठेवून म्हणाला. "पण माझं भिंग साधं नाही. ते आत्म्याच्या लहरी पकडतं. डॉक्टरांचं यंत्र काळोख मोजतं, कारण त्यांचं पोट काळोखावर चालतं. माझं भिंग उजेड दाखवतं. आणि उजेड एकदा दिसला ना बंधूंनो, की तो वाढतच जातो!"

मग देणगीसाठी खाणकामगाराचं एक जुनं हेल्मेट रांगांमधून फिरलं.

"बघ ना, रीवा," शेजारी बसलेली ओपलवहिनी कुजबुजली. "रात्री आता तेवढा खोकत नाही गं."

"खोकत नाही, की उशीत तोंड खुपसून खोकतो?"

वहिनीनं हेल्मेट पुढच्या रांगेत सरकवलं.

मी इथल्या शाळेत फोटोग्राफी शिकवते. पडद्यावरच्या उजेडात डाव्या खांद्याच्या हाडाखाली एक ठिणगी कोयत्यासारखी वाकडी होती. त्यानंतर आणखी दोघांचे फोटो झाले. तीच वाकडी ठिणगी, त्याच जागी, दोघांच्याही छातीत.

त्या संध्याकाळी अर्विलच्या घरी घेवडा आणि मक्याचा पाव खाताना मी विषय काढला. प्रूइटकडे जायला लागल्यापासून, म्हणजे काही महिने, त्याचं प्राणवायूचं नळकांडं मागच्या शेडमध्ये ठेवून दिलेलं होतं. शहरातल्या मोठ्या इस्पितळात फुप्फुस बदलण्यासाठी तपासणी ठरली होती, तिथेही तो गेला नव्हता.

"अर्विल, ते चित्र आहे. कॉम्प्युटरवर केलेलं."

"तुझ्या शाळेतली पोरं करत असतील."

"शाळेतली पोरंच करतात! म्हणून तर मला कळतं."

त्यानं चमचा खाली ठेवला. दोन वाक्यांमध्ये त्याला श्वास गोळा करावा लागत होता. "डॉक्टरांनी दरवेळी एकच सांगितलं, पोरी. कमी झालंय. अजून कमी झालंय. हा एकटा माणूस म्हणाला की वाढतंय. तेवढं तरी राहू दे माझ्याकडे."

मी ताटं उचलली.

वाट काढली ती गावातल्या व्हर्नामावशींनी. त्यांचा नवरा होमर आदल्या वर्षी याच आजारानं गेला होता. माझं बोलणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"जे येऊ शकत नाहीत त्यांनी फोटो पाठवा, असं म्हणतो ना तो?" त्यांनी विचारलं. "मग माझा होमरही येऊ शकत नाही."

"मावशी, तुम्हाला त्रास होईल."

"व्हायचा तो झालाय. मी पाठवते."

प्रूइट परगावचा. होमर कोण, हे त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. पुढच्या गुरुवारी त्यानं मोठ्या उत्साहानं फोटो लावला. खांद्यावर पट्टे असलेली पँट, उघडी छाती, मासे पकडायला गेलेला होमर, आणि छातीभर सोनेरी उजेड. हॉलमध्ये एकदम सामसूम झाली. त्याला वाटलं, लोक भारावले.

"हे बंधू दूर राहतात. मी त्यांना भेटलोही नाही. पण बघा, फुप्फुसं जवळजवळ स्वच्छ! हे गृहस्थ लवकरच डोंगर चढतील!"

व्हर्नामावशी उभ्या राहिल्या.

"बंधू, त्यांना मी वरच्या दफनभूमीत पुरलंय. डोंगर ते तेव्हाच चढले, सहा जणांच्या खांद्यावरून."

प्रूइटनं पडद्याकडे वळून बघितलं. मग तो म्हणाला, "आत्मा... आत्म्याची फुप्फुसंसुद्धा बरी होत असतात, भगिनी."

"मग जिवंत असताना का नाही झाली?"

मी लॅपटॉप घेऊन पुढे गेले. अग्निशमन प्रमुखानं स्वतः उठून प्रोजेक्टरची तार मला जोडून दिली. मी टेबलावरच्या कॉफीच्या किटलीचा फोटो काढला आणि पडद्यावर लावला.

"हा दुसरा फोटो आतषबाजीच्या ठिणग्यांचा, काळ्या आभाळातला. तो किटलीवर ठेवते. आता कॉम्प्युटरला फक्त एवढंच सांगायचं की काळं लपव, उजेड ठेव." मी एक बटण दाबलं. आभाळ गेलं, ठिणग्या राहिल्या. "कडेला सांडलेलं ब्रशनं पुसायचं. धूर हवा असेल तर उलटं, पांढऱ्यावरचा धूर घ्यायचा आणि पांढरं लपवायचं. ब्रदर प्रूइट ठिणग्यांचा एकच फोटो सगळ्यांना लावतात. ही वाकडी ठिणगी तुम्हा सगळ्यांच्या छातीत आहे. होमरच्यासुद्धा."

पडद्यावर किटलीला झगझगीत सोनेरी फुप्फुसं फुटली होती. कुणीही हसलं नाही. प्रूइट सामान आवरून बाजूच्या दारानं निघून गेला. काही जण माझ्याकडे न बघता उठले, जणू मीच त्यांच्या घरातलं काही चोरलं होतं.

अर्विल गाडीत म्हणाला, "कळलं मला." त्यानं काच खाली केली. "सुंदर होतं गं पण."

दुसऱ्याच दिवशी आम्ही त्याला शहरात नेलं. डॉक्टर तरुण होती, नीट समजावून बोलली. मधल्या महिन्यांत प्राणवायूविना हृदयावर ताण आला होता. शस्त्रक्रिया आता त्याला झेपणार नव्हती.

"आधी आलो असतो तर?" वहिनीनं विचारलं.

"नक्की सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाली. "पण फुप्फुस बदलण्याच्या यादीत नाव घालण्याचा विचार तरी करता आला असता."

एप्रिलमध्ये अर्विल गेला. शेवटच्या आठवड्यात आडवं झालं की जीव गुदमरायचा, म्हणून तो खुर्चीतच झोपायचा. वहिनी त्याचे पाय मांडीवर घेऊन बसून राहायची.

उन्हाळ्यात कळलं की प्रूइट दोन दऱ्या पलीकडे एका चर्चच्या तळघरात बसतो. वहिनी म्हणाली, "गाडी काढ." तिथे जाऊन तिनं दाराबाहेर फूटपाथवर घडीचं टेबल मांडलं, आणि येणाऱ्या प्रत्येकाला खाणकामगारांची फुप्फुसं तपासणाऱ्या फिरत्या दवाखान्याची वेळ सांगू लागली.

नाकात नळी घातलेला एक माणूस थांबला. "तुम्ही डॉक्टरीणबाई का?"

"नाही. माझा नवरा आत जायचा."

"मग? फरक पडला?"

"फोटोत पडला," वहिनी म्हणाली. "तुम्ही आत जाऊ नका असं मी म्हणत नाही. पण आधी दवाखान्यात श्वास मोजायच्या त्या यंत्रात फुंकर मारून या. आकडा वाईट येईल कदाचित. पण तो आकडा तुमचा असेल, आणि त्यावर काहीतरी करता येतं."

माणसानं दाराकडे बघितलं. आतून टाळ्यांचा आवाज येत होता. मग त्यानं दुसरी खुर्ची ओढली आणि दम खात विचारलं, "कुठे येते म्हणालात ती दवाखान्याची गाडी?"