मागच्या काचेला हात नाही

गाड्यांच्या काचांना फिल्म लावायच्या त्या दुकानात एक नियम होता. दारांच्या काचा वहिनीने करायच्या, मागची मोठी काच दिराने. नियम काढला कुणी? दिरानेच.

त्याला सगळा बाजार ब्लेडमास्तर म्हणायचा. जुनी फिल्म खरवडायची तर ब्लेडनेच, असा त्याचा हट्ट. आणि वहिनीला सगळेच वहिनी म्हणायचे, गिऱ्हाईकंसुद्धा. लग्न होऊन आली तेव्हा ती काउंटरवर बसून बिलं फाडायची. मग हातात पाण्याचा फवारा आला, मग पाणी निपटायची रबरी पट्टी, मग दारं. पण मागची काच म्हटली की ब्लेडमास्तर बोट वर करायचा. "वहिनी, ती गोलाकार असते. तारा असतात तिच्यात. ते तुमचं काम नाही." नवरा या वादात पडायचा नाही. भाऊ आणि बायको समोरासमोर आले की त्याला नेमकं काहीतरी सामान आणायचं आठवायचं.

त्या दिवशीही तो सामान आणायला गेला होता. ब्लेडमास्तर बादली उचलायला वाकला आणि तसाच राहिला. कंबर धरली. कसाबसा खुर्चीत टेकवला त्याला. आणि तेवढ्यात गाडी आली.

गाडी शिकवणाऱ्या मास्तरीणबाईंची. छोटीशी, टपावर पाटी. मागच्या काचेवरची फिल्म जांभळी पडलेली, वर बुडबुडे, जणू काचेला गोवर आलाय.

"दुपारी माझ्या पोरींची लायसन्सची परीक्षा आहे," बाई म्हणाल्या. "परीक्षा घेणारे साहेब म्हणतात, मागचं धड दिसत नाही, या गाडीत मी बसणार नाही."

"उद्या या," ब्लेडमास्तर कण्हत म्हणाला.

"परीक्षा आज आणि काच उद्या?"

"मी करते," वहिनी म्हणाली.

ब्लेडमास्तरने मान वळवायचा प्रयत्न केला. वळली नाही. "तुम्ही? आणि तार तुटली तर?"

"तर परत काउंटरवर बसते. जन्मभर बिलं फाडते."

"आणि नाही तुटली तर?" बाईंनी विचारलं. त्यांना मजा यायला लागली होती.

"तर मागच्या काचा माझ्या."

ब्लेडमास्तर खो खो हसला, मग कळ आली. "आई गं! कबूल. कबूल!"

आता या तारा म्हणजे काय, तर काचेच्या आतल्या बाजूला आडव्या बारीक रेघा असतात. बटण दाबलं की तापतात आणि काचेवरचं धुकं पळवतात. फिल्म चिकटलेली असते नेमकी त्यांच्यावरच. जोर लावून खरवडलं की फिल्मबरोबर तारही गेली.

ब्लेडमास्तरने खिशातून ब्लेड काढून पुढे केलं. "दोन तारांच्या मधून चालवा. हळू."

"नको."

"मग काय फुंकर मारून काढणार?"

वहिनीने गाडी सुरू केली आणि धुकं घालवायचं तेच बटण दाबलं. मग मागच्या सीटवर चढून बसली आणि काचेवर हात ठेवून वाट बघत राहिली. किती वेळा तिने हे मनात केलं होतं! दीर बाहेरून काच तापवायला धडपडायचा आणि ती दाराशी फवारा धरून उभी राहून मनातच म्हणायची, अहो, काचेतच शेगडी आहे की.

काच चांगली तापली. तिने नखाने एका बाजूची कड उचलली आणि ओढायला लागली. वरून खाली नाही. आडवी, तारांच्या दिशेने. इतकी हळू की बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, बाईला झोप लागली.

अर्ध्यावर फिल्म अडली. टोकाला बारीकशी चीर गेली.

"अडकलं ना?" ब्लेडमास्तर ओरडला. "देऊ का ब्लेड?"

वहिनीच्या कपाळावरून घाम डोळ्यात उतरला. क्षणभर वाटलं, घ्यावं. हात पुढे जातही होता. मग तिने तोच तळवा अडलेल्या जागी ठेवला. तिथे काच अजून कोमटच होती. म्हणजे घाई झाली. बस्स, एवढंच.

ती थांबली. बाईंनी घड्याळ बघितलं.

मग परत ओढलं आणि फिल्म सुटली. डिंकासकट सबंध! सापाने कात टाकावी तशी जांभळी कात तिच्या मांडीवर येऊन पडली.

पुढचं काम तिने धडाक्यात केलं. काच साबणाच्या पाण्याने पुसली. नवी फिकट फिल्म आधी आकार द्यायला काचेच्या बाहेरून पसरली, तर गोलाईमुळे काठाला फुगे उभे राहिले. या फुग्यांना या धंद्यात बोटं म्हणतात. गरम हवेने एकेक बोट खाली बसवायचं, घाई केली की घडी पडलीच.

"कडेपासून नको, मधून…" ब्लेडमास्तरला राहवेना.

"मधूनच चाललंय, भाऊजी."

त्याने ब्लेड खिशात घातलं. आकार धरलेली फिल्म आतल्या बाजूला गेली, काचेवर बसली, पट्टीखालून पाणी निथळलं.

राहिल्या तारा. वहिनीने चहाची किटली उकळून आत नेली. वाफेने काच पांढरी झाली. बटण दाबलं. आता तिघंही काचेला नाक लावून. ब्लेडमास्तर कधी उठला ते त्यालाही कळलं नाही.

एक रेघ स्वच्छ झाली. दुसरी. मग भराभरा.

"सगळ्यात वरची?" त्याने आशेने विचारलं.

"तीही आली."

"खालची?"

"बघा की डोळ्यांनी!"

त्याने बघितलं. दोनदा बघितलं. "सगळ्या चालू आहेत," तो दाढ उपटल्यासारखा म्हणाला. मग डोकं खाजवत, "वहिनी, बटण दाबायचं मला कसं नाही हो सुचलं?"

"तुमच्याकडे ब्लेड होतं ना."

बाई इतक्या हसल्या की किल्ली हातातून पडली. मग आरशात बघून म्हणाल्या, "अगंबाई, मागे रस्ता आहे!" आणि भुर्रकन गेल्या.

फोन वाजला. ब्लेडमास्तर जवळ होता, त्याने उचलला. "हो हो, लावतो ना. मागची काच?" तो थांबला. वहिनीकडे बघितलं. "मागची आमच्या वहिनी करतात. थांबा, त्यांना विचारून सांगतो."

"आणा म्हणावं," वहिनी म्हणाली आणि दुकानभर ऐकू जाईल अशी शीळ घालत रबरी पट्टी धुवायला लागली.