कपाटाच्या दोन्ही किल्ल्या

मुलं उरली नाहीत म्हणून आमच्या गावची शाळा बंद पडली, तेव्हा तिथे आयुष्यभर स्वयंपाक केलेल्या ताइमीनेच ती विकत घेतली. बाईचं डोकं फिरलंय, असं गाव म्हणालं. पण दर उन्हाळ्याच्या शेवटी जंगलात बेरी वेचायला थायलंडहून माणसं येतात, त्यांना राहायला जागा लागते, आणि बेरीची कंपनी भाडं वेळेवर देते, हे दिसल्यावर गावाने मुकाट्याने मत बदललं. उत्तर फिनलंडातली माणसं आम्ही. मत चटकन बदलतो, बोलायला तेवढा वेळ लागतो.

ताइमीची तक्रार एकच होती, गरम पाण्याची. ती त्याच आवारात, पूर्वीच्या शिक्षकांच्या घरात राहायची. संध्याकाळी वेचणारे चिखलाने बरबटून परतले की टाकी रिकामी व्हायची आणि ताइमीला भांडी गार पाण्यात घासावी लागायची.

आमच्याकडे अंगणात पाऊल टाकलेल्या माणसाला कॉफी विचारल्याशिवाय कुणी परत पाठवत नाही. टपालवाला, मीटर बघायला येणारा, वाट चुकलेला शिकारी, सगळे ताइमीकडची कॉफी पिऊन गेलेले. शाळेतल्या माणसांना मात्र तिने कधी विचारलं नव्हतं. ती कंपनीची माणसं. भाड्याने दिलं म्हणजे दिलं, मग त्या दारात डोकावणं हा चोंबडेपणा. याच शिस्तीने तिने मुख्याध्यापिकेच्या खोलीतल्या लोखंडी कपाटाच्या दोन्ही किल्ल्या कंपनीचा मुकादम यार्को याच्या हातात ठेवल्या होत्या. त्यातली एक स्वतःकडे ठेवणं तिला चोरीसारखं वाटलं असतं.

एका दुपारी दार वाजलं. दारात वेचणाऱ्यांपैकी एक बाई उभी होती, चाळिशीची, बेरीच्या रसाने बोटं निळीजांभळी झालेली. तिचं नाव वानपेन. तिने फोन पुढे धरला आणि फोन आमच्या भाषेत कोरड्या आवाजात बोलला.

"माझी आई फार आजारी आहे. ती वाचणार नाही. मला घरी जायचं आहे. पासपोर्ट लोखंडी कपाटात आहे. कपाट तुमचं आहे. कृपया उघडा."

ताइमी गडबडली. "किल्ली माझ्याकडे नाही," ती म्हणाली. "यार्कोला विचार."

फोनने ते वानपेनच्या भाषेत सांगितलं. वानपेनने हात जोडले, मान झुकवली आणि ती शाळेकडे परत गेली. कॉफी विचारायची राहिली, हे ताइमीच्या लक्षातही आलं नाही.

तिने यार्कोला फोन मात्र केला. तो तिच्या दिराचा मुलगा.

"अगं काकू, जंगलात पासपोर्ट हरवतात म्हणून ठेवलेत," यार्को म्हणाला. "तिकिटं हंगाम संपल्यावरची आहेत. आज एकीला सोडलं तर उद्या सगळ्यांच्या आया आजारी पडतील."

"पण तुमचीच कामगार ना ती?"

"कामगार कुठली? आमच्याकडे पगारावर कुणीच नाही. सर्वांचा हक्क माहीत आहे ना तुला? जंगल कुणाचंही असो, बेरी ज्याने वेचली त्याची. ते आपल्या मर्जीने वेचतात, आम्ही फक्त विकत घेतो."

सर्वांचा हक्क! या हक्काचा आम्हांला केवढा अभिमान! बोलायला लागल्यापासून आमच्या पोरांना तो ठाऊक असतो. ताइमीचं समाधान झालं.

रविवारी लेम्पीआत्या आली. ही ताइमीच्या नवऱ्याची आत्या, ऐंशी ओलांडलेली, जिभेला धार. खिडकीतून तिला शाळेच्या पायरीवर बसलेली वानपेन दिसली. कोण, काय, विचारल्यावर ताइमीने सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "आपण कशाला मध्ये पडायचं?"

"कॉफी छान झालीय," आत्या म्हणाली. "झोप छान लागत असेल तर अशी होते."

"टोमणे नकोत हं, आत्या."

आत्याने कप खाली ठेवला. "दुसऱ्या महायुद्धात आम्हां पोरांच्या गळ्यात नावाची चिठ्ठी बांधून स्वीडनला धाडलं, हे तुला माहीत आहे. दूध होतं, बूट होते, मऊ गादी होती. इकडे आई अंथरुणाला खिळली. मी रडून घर डोक्यावर घेतलं. पण कागद ऑफिसात, आणि ऑफिस म्हणे, आत्ता नाही, थांबा. कुणीच वाईट नव्हतं गं. सगळे नियमाने वागले. आईचा चेहरा मला आता नीटसा आठवत नाही. त्या नियमाने वागणाऱ्यांचे चेहरे मात्र आठवतात."

ताइमीने आत्याच्या कपात आणखी कॉफी ओतली.

"सर्वांचा हक्क म्हणतेस. जंगलात शिरायचा हक्क सर्वांचा, आणि तिथून घरी जायचा फक्त यार्कोच्या खिशातला?"

सोमवारी ताइमीने पोलिसांना फोन केला. पलीकडचा माणूस फार सौजन्याने बोलला. मारहाण झाली आहे का? नाही. कोंडून ठेवलंय का? नाही. मग तक्रार त्या बाईंनी स्वतः द्यायला हवी, दुभाषा गुरुवारी येतो.

"आणि तुमचा या प्रकरणाशी संबंध काय?"

"काही नाही," ताइमी म्हणाली. "मी आपली शेजारीण."

यार्को म्हणाला, साहेब सुट्टीवर आहेत. कंपनीच्या ऑफिसात फोनवर नुसतं संगीत वाजत राहिलं. जिथे जावं तिथे गोड आवाज, आणि दार बंद. संध्याकाळी जंगलातून परतल्यावर वानपेन अंगणात उभी राहून खिडकीकडे बघायची आणि ताइमी आतून मान हलवायची. आपल्याच आवारात, आपल्याच कपाटापुढे माणूस किती लाचार होऊ शकतो, हे तिला पहिल्यांदा कळत होतं. मग ती पडदा ओढून घ्यायची आणि त्याचीही तिला लाज वाटायची.

बुधवारी दुपारी वेचणाऱ्यांची गाडी लवकर परतली. वानपेन पायरीवर बसली होती, फोन मांडीवर उपडा. बाकीच्या बायका तिच्याभोवती नुसत्या बसून होत्या. ते समजायला ताइमीला फोनची गरज लागली नाही.

ती साउनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या मागे असलेल्या लाकडाच्या खोपीत गेली, पहार घेतली आणि शाळेत शिरली. पूर्वी त्या कपाटात खडू असायचे, आणि मुलांच्या वाढदिवसाच्या मेणबत्त्या. दार वाकलं, कुलूप तुटलं. आत रबराने बांधलेले पासपोर्ट होते. तिने एकेक उघडून, फोटो पाहून ज्याचा त्याच्या हातात दिला.

वानपेनने आपला पासपोर्ट बराच वेळ धरून ठेवला. मग ती फोनशी हळू आवाजात बोलली. फोन म्हणाला, "आभारी आहे. आता घाई नाही."

पोलीस मात्र त्याच संध्याकाळी आले. तुटलेल्या कुलुपासाठी दुभाषा लागत नाही. अधिकारी तरुण होता, त्याने संकोचून कॉफी घेतली आणि विचारलं, "कुलूप तुम्ही तोडलंत? जागा तर कंपनीच्या ताब्यात आहे. मग तुमचा या प्रकरणाशी संबंध काय?"

"घर माझं आहे," ताइमी म्हणाली. "कपाट माझं. दोन्ही किल्ल्या मीच दिल्या. हे सगळं लिहून घ्या, आणि आत काय होतं तेही लिहा."

त्याने लिहून घेतलं. पुढे काय होईल, ते त्यालाही सांगता आलं नाही. मागोमाग आलेला यार्को रागावला नाही. "पुढच्या वर्षी आम्ही पलीकडच्या गावात जाऊ, काकू," एवढंच म्हणाला. "तिथलीही शाळा बंद पडलीय."

यार्को गेल्यावर ताइमी शाळेच्या पायरीवर गेली आणि वानपेनला घरात घेऊन आली. वानपेन कॉफी पीत नव्हती. गरम कप दोन्ही हातांत धरून ती बसून राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती इतरांबरोबर जंगलात गेली. परतीचं तिकीट हंगाम संपल्यावरचंच होतं.

मंडळी, दुसऱ्याच्या दारात डोकावू नये, ही आपली रीत चांगलीच आहे. पण ज्या अन्यायाला आपलं छप्पर लागतं, आपलं कपाट लागतं, तो दुसऱ्याचा राहत नाही. दारात आलेल्या माणसाला आधी आत घ्यावं, काय झालं ते विचारावं. किल्ली कुणाकडे आहे, ते मग बघता येतं.

हंगाम संपल्यावर ताइमी आणि लेम्पीआत्या पलीकडच्या गावी गेल्या. तिथल्या शाळेच्या मालकाला ताइमीने सगळं सांगितलं आणि म्हणाली, "भाड्याने द्यायची तर द्या. पण एक किल्ली ठेवा, आणि त्या माणसांना कॉफी विचारत जा."

त्याने शांतपणे ऐकून घेतलं, विचार करतो म्हणाला, आणि दोघींना आग्रहाने कॉफी दिली.