वाकड्या मानेचा भोपळा

माझी मान वाकडी आहे, हे मला कुणी सांगायला नको, मित्रांनो. मी दूध साठवायचा भोपळा आहे आणि आता म्हातारा झालो आहे. केनियातल्या इतेनच्या उंच माळावर, कोबिलोच्या कुंपणावरच्या वेलाला मी लागलो. वाढताना एका बाजूला कललो, तेव्हा शेजारणी म्हणाल्या, "दगड बांध गं त्याला, सरळ होईल." कोबिलो म्हणाली, "दूध मावेल ना? मग राहू दे." तेव्हापासून मी तिचा.

तिने मला वाळवले, पोखरले, जळक्या काठीच्या कोळशाने आतून घासले, गळ्यात मणी घातले. माझ्यात दूध मुरवत ठेवायचे आणि शर्यत जिंकून कुणी गावात परतले की पहिला घोट त्याला द्यायचा, ही आमच्याकडची रीत. कोबिलोची लेक चेमेली आठशे मीटर धावायची. तिने माझ्यातून इतक्यांदा घोट घेतला की काठावरचा एक मणी तिच्या दातांनी निखळला. गावभर माझे कौतुक व्हायचे. मी जरा फुगलोच होतो.

मग परदेशातली मोठी शर्यत आली. चेमेली निघाली त्याच दिवशी कोबिलोने माझ्यात दूध भरले. पण पोर शर्यतीआधीच परतली. दूध धड आंबलेही नव्हते. तिचे रक्त तपासून शर्यतीच्या साहेबांनी सांगितले होते, तुझ्या शरीरात जन्मापासूनच टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषांत भरपूर असते ते संप्रेरक, जास्त आहे, नियमातल्या मर्यादेच्या वर. गोळ्या घेऊन ते खाली आण, नाहीतर बायकांच्या शर्यतीत धावू नकोस.

कोबिलो मला घेऊन बसथांब्यावर उभी राहिली. तिचे दीर बारमासाई तिथेच होते.

"अगं, दूध जिंकून आलेल्याला देतात," ते म्हणाले. "ही तर धावलीच नाही."

"धावू दिलं नाही, भाऊजी. हिला हरवून दाखवा म्हणावं त्यांना, मग बोला."

चेमेलीने मला बाजूला सारले. "नको आई. ते म्हणतात, मी पुरती बाई नाही."

"जन्मल्याबरोबर तुला छातीशी मी घेतलं. साहेब होते का तिथे?"

तरी ती प्यायली नाही. मी खिळ्याला टांगला गेलो. आतले दूध नासले, मण्यांवर धूळ बसली. खालच्या फळीवर गोळ्यांची डबी होती. रोज संध्याकाळी चेमेली ती हातात घ्यायची आणि न उघडता ठेवून द्यायची. मला फार राग यायचा. मला हात असते तर ती डबी कधीच चुलीत गेली असती.

तिकडे ती शर्यत आमच्याच गावच्या जेरुतोने जिंकली. एरवी ती नेहमी चेमेलीच्या मागे दुसरी यायची. सारे गाव नवे भोपळे घेऊन तिला आणायला गेले. दुसऱ्या दिवशी ती पदक खिशात घालून आमच्या घरी आली.

"खरं सांगू?" जेरुतो म्हणाली. "तुझ्या मागे धावून धावून मी रडलेय. हे बरोबर नाही, असं वाटायचं. अजूनही कधी कधी वाटतं."

"मग आता खूश असशील."

"झाले होते. एक दिवस. आता जो तो विचारतो, चेमेली असती तर? आणि गोळ्या खाऊन तू मंद झालीस, तर मी हरवलं कुणाला? गोळीला?"

चेमेली खो-खो हसली. किती दिवसांनी! "उद्या ये धुळीच्या रस्त्यावर," ती म्हणाली. "दम असेल तर." मग उठून तिने डबी चुलीत टाकली. मोठ्या शर्यती आता आपल्याला बंद, हे तिला ठाऊक होते. तरीही टाकली.

कोबिलोने मला खाली काढून घासले आणि दूध भरले. कच्चेच होते, पण कुणाला पर्वा होती! दुसऱ्या दिवशी अर्धे गाव बांधावर जमले, बारमासाईसुद्धा. दोघी जीव खाऊन धावल्या. कोण जिंकले, ते मी सांगणार नाही. पहिला घोट कुणाचा, हे ठरवायला बारमासाई पुढे सरसावले. कोबिलोने त्यांच्याकडे बघितलेही नाही. तिने मला चेमेलीच्या हातात दिले. चेमेली पोटभर प्यायली आणि मग मला जेरुतोकडे दिले. दोघींच्या ओठांना माझा कोळसा लागला होता.

मित्रांनो, माझी काळजी घ्यायची असेल तर मला कोळशाने घासा, ओलीत ठेवू नका. पण माझ्या मानेला दगड बांधायला येऊ नका. ती अशीच वाढली आहे, आणि दूध तिच्यातूनच येते.