पडद्यामागचं पिल्लू

मुलांनो, घरात एखादं जुनं पांढरं धोतर असेल तर ते आठवा. नसेल तर चादर चालेल. आता ते डोळ्यांपुढे मोठं करत न्या. इतकं मोठं, की त्याचं एक टोक चिंचेच्या फांदीला बांधता यावं आणि दुसरं देवळापुढच्या दगडी दीपमाळेला. थंडीची संध्याकाळ आहे. भात झोडून झालं आहे, आणि सगळ्या वाडीला नव्या पेंढ्याचा वास येतो आहे. अंधार पडला की त्या कापडावर एक पिल्लू चालत येणार आहे. सांगा, तुम्ही कुठे बसाल? कापडाच्या पुढे, की मागे?

हसू नका. जयाचं सगळं याच प्रश्नावर अडलं होतं.

जया कोळवणच्या खोऱ्यातल्या एका लहानशा वाडीत राहायची. ही गोष्ट एकोणीसशे सत्तावन्न-अठ्ठावन्न सालची. वाडीत वीज आली नव्हती. वर्षातून एकदा, पौषात, पुण्याकडून फिरत्या सिनेमाची एक जीप यायची. तिच्यामागे छोटी गाडी जोडलेली असे, आणि त्या गाडीत वीज करणारं यंत्र, लोखंडी पेट्या आणि गुंडाळलेलं पांढरं कापड. जयसिंग नावाचा मशीनवाला हे सगळं सांभाळायचा. तो आधी भात लावायची जपानी पद्धत दाखवायचा, मग देवी का टोचून घ्याव्यात ते दाखवायचा. मोठी माणसं ते बघत तंबाखू मळायची. मुलं थांबायची ती फितीच्या तिसऱ्या डब्यासाठी. त्या डब्यात पिल्लू होतं.

ते काही खरं पिल्लू नव्हतं. दूरदेशी कुणीतरी बसून हातानं चित्रं काढली होती, हजारो चित्रं, एकासारखं एक, फक्त पाय तेवढा केसभर पुढे. ती भराभर डोळ्यांपुढून गेली की चित्र चालू लागायचं. पक्षी कुठल्या मुलखातला कुणास ठाऊक. पाय लांब होते, म्हणून वाडीनं त्याला टिटवीचं पिल्लू ठरवून टाकलं होतं. थवा पुढे उडून जातो. पंख भिजलेलं पिल्लू मागे राहतं, आणि थवा जिथे उतरला असेल ते पाणी शोधत एकटंच चालत निघतं. एवढीच गोष्ट. त्यात कुणी बोलत नाही, नुसतं वाद्य वाजतं. वाटेत कासव भेटतं, वारा भेटतो, आणि चंद्र पिल्लाच्या डोक्यावरून टोपीसारखा घरंगळत जातो.

पाच-सहा वर्षं वाडी हेच बघत होती. एका वर्षी जयसिंगनं वेगळा डबा आणला. त्यात एक विदूषक पडायचा, उठायचा, पुन्हा पडायचा. मुलं गप्प बसून राहिली. मग हैबतराव उठले. हैबतराव म्हणजे वाडीतले मोठे शेतकरी; "तेच ते काय दावता दरसाल?" म्हणून कुरकुरायचे आणि सगळ्यांच्या आधी येऊन बसायचे. ते म्हणाले, "जयसिंग, ह्यो बाबा पडून पडून दमला. आमचं पिलू कुटाय?"

त्यानंतर जयसिंगनं दुसरा डबा आणला नाही. फीत जुनी झाली, तिच्यावर ओरखडे पडले, आणि पडद्यावर त्यांच्या उभ्या रेघा दिसू लागल्या. मुलांना वाटायचं, पिल्लाच्या मुलखात यंदा पाऊस जास्त आहे.

आता गोष्टीतली ती जागा सांगतो, जिथे सगळी मुलं उठून उभी राहायची. चालता चालता पिल्लू दोन वाटांपाशी येतं. एक वाट काळ्या झाडीत शिरते, दुसरी पाण्याकडे जाते. पिल्लाला काही कळत नाही. ते खाली बसतं, मान पंखात घालतं. चंद्र थांबतो. वाद्यही थांबतं. अशा वेळी जया उठायची, उजवा हात लांब करायची आणि म्हणायची, "चिंचेकडं."

कारण पाण्याची वाट पडद्याच्या चिंचेकडच्या बाजूला जायची. आणि वाडीच्या चिंचेपलीकडे खरोखरच डोंगर होता, नि डोंगरापलीकडे मुळशीच्या धरणाचं पाणी. जयाचा आवाज आला की पोरांचे सगळे हात चिंचेकडे व्हायचे. मागून जयसिंग ओरडायचा, "हात खाली घ्या रे, सावल्या पडतात." पण तोवर काम झालेलं असायचं. पिल्लू मान वर करायचं आणि सांगितल्या वाटेनं चालू लागायचं. कापडाच्या कडेला पोचून दिसेनासं व्हायचं. तिथून ते डोंगर चढून धरणावर उतरलं असणार, याबद्दल पोरांत दुमत नव्हतं.

पहिल्यांदा हात दाखवला तेव्हा जया पाच वर्षांची होती. तेव्हापासून पिल्लू एकदाही चुकलं नव्हतं.

यंदा वाटेवर जीपचा धुरळा दिसला, तेव्हा आई भाकरी थापत होती. ती मान वर न करता म्हणाली, "जये, औंदा तू मागं बस. बायांत. एवढी घोडी झालीस, पोरांत उभी राहून हात काय हालवतीस?"

जयाची आई म्हणजे रत्नाबाई. ती एकदा बोलली की दुसऱ्यांदा सांगायची नाही.

वाडीची रीत अशी होती, की पुरुष आणि लहान पोरं पडद्याच्या पुढे बसायची, आणि बाया पडद्याच्या मागच्या अंगाला. कापड पातळ असल्यानं चित्र मागूनही उमटायचं. असं का, हे कुणी कधी विचारलं नव्हतं. मागे बसून आलेल्या एकाही पोरानं तिकडे काय दिसतं ते सांगितलं नव्हतं, कारण तिकडे पोरं जातच नव्हती.

"मागनं पिलाची पाठ दिसती," जयाचा धाकटा भाऊ भिकू म्हणाला. त्याचं सहावं सरत होतं आणि त्याला सगळं ठाऊक असायचं. "बैलाच्या मागं उभं राहिल्यावर काय दिसतं? शेपूट. तसंच."

जयानं विचार केला. बोलणं खोटं वाटेना. "मग आई कशाला जाती दरसाल? शेपूट बघाया?"

"आईला काय, तेवढंच बसाया मिळतं," भिकू म्हणाला.

पाठ दिसली तर दिसली, जयाला त्याचं एवढं नव्हतं. पण दोन वाटांपाशी पिल्लाला हात कोण दाखवणार? आतापर्यंत ते चुकलं नाही, ते सांगणारं कुणी होतं म्हणून. आज कुणी उठलं नाही, तर ते काळ्या झाडीत शिरेल. मग पुढच्या वर्षी डब्यात कुठून यायचं?

तिनं भिकूला गोठ्याच्या मागे नेलं.

"तू हात दावशील?"

"झोप न्हाई आली तर."

"गूळ देईन."

"मग न्हाई येणार झोप. कुटला हात?"

"जेवायचा. जेवायचा हात, चिंचेकडं. म्हण बघू."

"जेवायचा हात चिंचेकडं," भिकू म्हणाला आणि गुळासाठी तोच हात पुढे केला.

तरी तिला चैन पडेना. शेजारच्या ओसरीवर गोजराबाई सुपात तांदूळ पाखडत बसली होती. केस पांढरे, हात मात्र भराभर चालणारे. सगळी पोरं तिला काकी म्हणत. जया तिच्यापाशी जाऊन बसली.

"काकी, मागनं पिलाचं तोंड दिसतं का वो?"

"दिसतं की. दोन डोळं अन् एक चोच. पाठ दिसती म्हणून कोण सांगत हुतं?"

"भिकू."

"त्याच्या पाठीत घाल एक, म्हंजी त्याला पाठ कुटं असती ते कळंल."

जया हसली, मग हळूच म्हणाली, "मागच्या अंगाला कोन हात दावतं का? पिलाला वाट सांगाया?"

गोजराबाईचं सूप थांबलं. "बाया कशाला हात दावतील, बये? बघायचं अन् घरी यायचं."

अंधार पडला. यंत्र घरघरू लागलं. जया आईच्या आणि गोजराबाईच्या मध्ये घोंगडीवर बसली. आणि मग कापडावर उजेड आला.

पुढे बसायची तेव्हा उजेड पाठीमागून यायचा. इथे तो समोरून येत होता. कापडातून गाळून, दुधासारखा होऊन, तो सगळ्या बायांच्या तोंडांवर पसरला. नाकातल्या नथी, कपाळावरची गोंदणं, मांडीवरची झोपलेली लेकरं, सगळं त्या उजेडात तरंगू लागलं. थोडा वारा आला. कापड हललं, तसं त्यावरचं शेत हललं, शेतातली माणसं हलली. जयाला वाटलं, आपण पाण्याच्या आत बसलो आहोत आणि वर कुणाचं तरी जग चाललं आहे.

जपानी भातशेती सुरू झाली, आणि जया चमकली. पडद्यावरची अक्षरं तिला वाचता येईनात. सगळी पाठमोरी उभी होती. रोपं लावणारा माणूसही डाव्या हातानं लावत होता.

"डावखुरा हाय जनू," मागून सगुणाबाई म्हणाली.

"बरं हाय की. उजवा हात तंबाखूला मोकळा," कुणीतरी उत्तर दिलं आणि बाया हसल्या.

तुम्ही पातळ कागदावर ठळक शाईनं आपलं नाव लिहा, आणि कागद पालथा करून दिव्यासमोर धरा, म्हणजे जयाला काय दिसलं ते तुम्हाला दिसेल. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिला इतकंच कळलं, की इकडे सगळं उलटं आहे.

तिसरा डबा लागला. पाऊस पडत होता, मागच्या वर्षीपेक्षा जास्त. आणि त्या पावसातून पिल्लू आलं. तोंड दिसत होतं. दोन डोळे, एक चोच. भिकूचं खोटं ठरलं. पण पिल्लू नेहमी यायचं ती बाजू ही नव्हती. पलीकडे बसलं की ते डाव्या हाताकडून यायचं. आज उजव्या हाताकडून आलं, जणू कुठे जाऊन परत निघालं होतं. कासव भेटलं, तेही उलट्या बाजूनं. चंद्रही उलटा घरंगळला. तरी सारं तेच होतं, आणि इतकं जवळ होतं की पिल्लाचा श्वास कापडावर लागेल असं वाटावं.

मग दोन वाटा आल्या.

जयानं जेवायच्या हाताकडे पाहिलं. तिकडे काळी झाडी होती.

भिकूला तिनं काय सांगितलं होतं? जेवायचा हात. एकदाच म्हणून घेतलं होतं, पण त्यानं म्हटलं होतं बरोबर. आता तो उठेल, जेवायचा हात दाखवेल, आणि पिल्लू जाईल सरळ झाडीत. पिल्लू खाली बसलं. मान पंखात घातली. चंद्र थांबला. वाद्य थांबलं.

पलीकडून कुणाचाच आवाज आला नाही. दरवर्षी आधी एक आवाज यायचा, मग त्यांचे हात उठायचे. आज तो आवाज त्यांच्यात नव्हता.

"काकी," जया कुजबुजली, "आता कुटं जाईल ते?"

"कुटं म्हंजी? चिंचेकडं. दरसाल जातं तिकडंच," गोजराबाई पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली. मग जरा थांबून, अगदी हळू, "माझं म्हायेर त्याच अंगाला हाय. धरनाच्या पान्याखाली गेलं, तवा मी तुझ्या आईपेक्षा ल्हान हुते. तिकडं आता कोन जातंय? ह्ये पिलू जातं दरसाल. बरं वाटतं. कुनीतरी जातं."

जयानं मान वळवली. कापडाच्या कडेला चिंच होती. पडद्यातली नव्हे, वाडीची. काळी, गप्प, रोजच्याच जागी, फांद्यांत चांदण्या अडकलेल्या. ती तेवढी उलटी झाली नव्हती. जयाच्या डाव्या हाताला उभी होती.

तेवढ्यात कापडाच्या तळाशी एक सावली उगवली. डोक्यावरून घेतलेल्या घोंगडीची टोकदार खोळ, आणि त्या खोळीतून निघालेला एक बारका हात. भिकू जागा होता. त्याचा हात चिंचेकडे निघाला, अर्ध्यावर थांबला. दुसरं कुणीच उठत नाही म्हणून तो बिचकला असावा. हात हळूहळू खाली येऊ लागला. पण तो जिकडे निघाला होता ती बाजू जयानं पाहिली होती. पलीकडे त्याचा जेवायचा हात, आणि इकडे तिचा डावा. चिंच एकच.

पिल्लाची मान अजून पंखातच होती.

मागच्या अंगाला आजवर कुणी उभं राहिलं नव्हतं. जया उठली. उजेड तिच्या तोंडावर आला, कपाळापासून परकरापर्यंत ती दुधाची झाली.

"खाली बस गं," आई म्हणाली.

जयानं जेवायचा हात परकराच्या घोळात घट्ट धरून ठेवला. डावा हात लांब केला. आणि वाट चुकलेल्या पाहुण्याला सांगावं तशा आवाजात, पण पलीकडच्या शेवटच्या पोराला ऐकू जाईल एवढ्यानं, ती म्हणाली, "चिंचेकडं."