फळ्यावरचं नाव

मर्डो रेनीने घडवलेल्या प्रोग्रामिंगच्या भाषेत एखाद्या नावाला एकदा दिलेली किंमत बदलत नसे. बदलायचीच असेल तर तिची वेगळी पेटी, आणि पेटीत काय ठेवता येईल याची कडक तपासणी. तो वारल्यावर महिन्याभराने त्या भाषेच्या कोडमध्ये ती तपासणी चुकवणारी एक ओळ सापडली.

एडिनबर्गमधल्या मर्डोच्या संगणक विभागात चूक करणाऱ्याचं नाव फळ्यावर लिहीत.

"म्हातारा थकला होता गं," मर्डोचा जुना सहकारी फर्गस खडू उचलत त्याच विभागात काम करणाऱ्या मर्डोच्या मुलीला, इश्बेलला म्हणाला. "नाहीतर अशा पळवाटांवर आम्हाला तोच झापायचा."

तपासणीच्या कटकटीला वैतागून ती ओळ इश्बेलनेच घातली होती. तरी तिने होकारार्थी मान हलवली.

बाबांचं पूर्ण नाव लिहून झालं, तेव्हा कुठे ती उठली.

"पूस ते. ओळ माझी आहे."

फर्गसने नाव पुसलं. तिला त्याच्याकडे बघवेना.