दारापाशी थांबणारी पावलं

नवऱ्याच्या काठीच्या टोकाचं रबर एका बाजूने झिजलं होतं, अंगठ्याने दाबलं की तिथे पातळ लागत होतं, आणि त्या पातळ जागेत एक बारीक खडा रुतून बसला होता — कुठल्या रस्त्यावरचा कोण जाणे. त्यांचं बाहेर जाणं तर शेवटी शेवटी बंदच झालं होतं… म्हणजे खडा त्याआधीचा. ती तो नखाने काढणार होती. मग काठी तशीच मांडीवर आडवी ठेवून बसून राहिली.

मुलगा कामावर गेला होता, पण सकाळचं त्याचं बोलणं अजून टेबलावरच पडून राहिल्यासारखं वाटत होतं. चहाच्या कपाकडे बघत तो म्हणाला होता, "आई, बाबांची पावलं तू भुताला देणार?" आणि उत्तराची वाट न बघता डबा उचलून निघून गेला होता. आज संध्याकाळपर्यंत नातीला हो किंवा नाही सांगायचं होतं.

नात भीतीचे व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत आवाजाचं काम करते. आजीवरच गेली, असं सगळे म्हणतात, कारण आजीची सगळी नोकरी रेडिओच्या श्रुतिकांसाठी आवाज करण्यात गेली — वाळूच्या परातीत चालायचं, पत्रा हलवून वीज पाडायची, ओले चामडी हातमोजे झटकले की वटवाघळं. लोक तेव्हा खरंच घाबरायचे. शेजारीण सांगायची, दाराला आतून कडी घालते, पोरांना कुशीत घेते आणि मग ऐकते; आणि पुढच्या खेपेला रेडिओजवळ पहिली तीच. घाबरून घ्यायची एवढी हौस माणसाला का असावी, हे तेव्हा कधी मनात आलं नाही. पत्रा हलवणारीला विजेची भीती कुठून वाटणार?

परवा नातीने तिला आपला गेम दाखवला. लांबलचक बोळ, विझू की नको करणारे दिवे, आणि मग एकदम पडद्यावर आलेलं ते रक्ताळलेलं तोंड. "याला आधी तोंड धुऊन यायला सांग," ती म्हणाली, तशी नात पोट धरून हसली. हसणं ओसरल्यावर म्हणाली, तेच तर ना, दचकायला होतं, पण भीती वाटत नाही. तिला नुसता आवाज हवा होता. खेळणारा बंद खोलीत, बाहेर बोळातून कुणीतरी चालत येतंय… आजोबा यायचे तसं.

आजोबांसारखंच का, असं तिने विचारलं. नात हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत राहिली.

"लहानपणी मला त्या आवाजाची फार भीती वाटायची, आजी."

हे तिला माहीतच नव्हतं. तेच घर, तोच बोळ, मध्ये एक भिंत — आणि भिंतीपलीकडे ही पोर घाबरून पडलेली. तिच्या स्वतःच्या कानांना तो आवाज म्हणजे… अर्धांगाचा झटका आल्यानंतर ते पहिल्यांदा उठून चालले, तेव्हा ती स्वयंपाकघरात होती, हात पिठात. एक पाऊल, मग ओढलेलं दुसरं, मग काठी. येतायत. पडले नाहीत. पुढची कितीतरी वर्षं त्या आवाजाचा तेवढाच अर्थ होता — पडले नाहीत. दुपारी ती आडवी झाली की तो आवाज यायचा आणि तिच्या दारापाशी थांबायचा. का थांबायचा, कोण जाणे. दम खायला असेल. ती डोळे मिटून पडलेली असायची. मग कधी पावलं परत फिरायची, कधी दार उघडायचं, आणि ते नुसतेच उभे राहायचे, एखाद्या दिवशी रडायचे, आणि शेवटी शेवटी तर तिच्याकडे असे बघायचे की ही बाई कोण…

ते गेल्यावर ती रोज दुपारी तो आवाज मनात लावून बघायची. हल्ली त्यातले तुकडे गळायला लागले होते. काठी आठवायची, ओढलेलं पाऊल निसटायचं. ती गेली की हा आवाज कुठेच उरणार नव्हता — भुताकडे का होईना, राहील तरी… म्हणून ती निदान ध्वनिमुद्रणाला हो म्हणाली होती.

दुपारी नातीने बोळातल्या खिडकीवर चादर टांगली, सतरंजीवर मायक्रोफोन ठेवला. काठीचं रबर काढूया का, असं विचारलं. टोक जास्त वाजेल.

"रबर राहू दे. कुणाची झोप मोडू नये म्हणून त्यांनीच बसवून घेतलं होतं."

"बरं. हळू आलेलंच जास्त घाबरवतं."

ती चालली. पाऊल, ओढलेलं पाऊल, काठी. नातीने एका कानावरचा हेडफोन सरकवला.

"आजी, तू उजवा पाय ओढतेयस. आजोबांचा डावा होता."

डावाच. याच हातांनी त्या पायाला तेल चोळलं, मोजाही आधी त्याच पायात घातला, आणि पावलांनी हे काय करून ठेवलं… मग कळलं. तिने त्यांना नेहमी समोरून येताना पाहिलं होतं. त्यांचा डावा, तिच्या उजव्या हाताला. रेडिओवर कधी बिघडलं नसतं, तिथे एकच मायक्रोफोन, डावं-उजवं नाहीच, फक्त जवळ आणि लांब.

"तुझं बरोबर लक्षात राहिलं गं, ठमे."

"मी मागून चालायचे ना. पडले तर धर, असं तूच सांगितलं होतंस." ठमी मायक्रोफोनची तार सरळ करत होती. "मला कुठे धरता आलं असतं?"

ती पुन्हा चालली, डावा पाय ओढत, आणि दारापाशी थांबली.

मग ठमीने तो आवाज गेममध्ये बसवला आणि हेडफोन तिच्या कानांवर ठेवला. गेममध्ये घाबरून झालं की हलकं वाटतं, ठमी मघाशीच म्हणाली होती. खरोखरचं घाबरणं मात्र कधी संपलं, ते कळतच नाही. पडद्यावर एक खोली, एक बंद दार. आत कपाट आहे, त्यात लपायचं, हे बटण.

लांबून आवाज आला. पाऊल, ओढलेलं पाऊल, काठी. हे माझंच चालणं, ती स्वतःला सांगत होती, वजन माझं, सपाता माझ्या… आणि उद्यापासून दुपारी मनात लावला तर हाच येईल का? आवाज जवळ आला. दारापाशी थांबला.

"लप ना, आजी," ठमी हळूच म्हणाली.

तिने बटण दाबलं नाही. किती वेळ थांबायचं ते मघाशी तिनेच ठरवलं होतं, तरी ते थांबणं संपेना. डोळे आपोआप मिटले, श्वास आत राहिला, अंग झोपल्यासारखं सैल — ही सवय तिची, किती जुनी — आणि दाराच्या या बाजूला, त्या मिटलेल्या डोळ्यांमागे, तिला पहिल्यांदाच कळेनासं झालं, की इतकी वर्षं ती अशी पडून राहायची ती दार उघडावं म्हणून, की उघडू नये म्हणून.

"ठेवू का हा आवाज?" ठमी विचारत होती.

तिने हात वर करून तिला गप्प केलं. अजून कुणी परत फिरलं नव्हतं.